चित्रातली गाय आणि माझी शून्यं

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. लिहिणं ज्यांचं काम आहे त्यांनीच लिहावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या घरात माझ्याआधी पेन धरला गेला तो फक्त सहीपुरता. आईच्या बाबतीत तेवढाही नाही. तिचा अंगठाच सगळीकडे चालला. शाळेतल्या मुलांसाठी मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर जे एम.ए. करावं लागतं, त्याचं दुसरं वर्ष मी नुकतंच संपवलं. निकाल अजून लागलेला नाही. निकाल हातात नसताना आठवणी लिहायला बसणं म्हणजे भाकरी तव्यावर असतानाच हात धुऊन घेण्यासारखं आहे, हे मला कळतं. तरीही लिहितो आहे. कारण दोन वर्षांत जे शिकलो त्यातलं बरंचसं एका आठ वर्षांच्या मुलीनं शिकवलं आणि तिचं नाव कुठल्याही गुणपत्रिकेवर येणार नाही.

इथंही येणार नाही. आमच्या मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की ज्या मुलाची चाचणी घेतली त्याचं नाव कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकू आलं तर त्या दिवसापासून तुमचं आमचं संपलं. तेव्हापासून मी इतका घाबरलो आहे की गोष्ट सांगताना सगळ्यांचीच नावं गिळतो. काही तपशीलही बदलले आहेत. एवढं सोडून बाकी घडलं तसं आहे.

आमचं गाव येरमाळ्याजवळ. मी काय शिकतो हे गावाला समजावणं हीच माझी पहिली तोंडी परीक्षा होती आणि तिच्यात मी अजून पास झालेलो नाही. परीक्षक माझे चुलते. त्यांना आम्ही तात्या म्हणतो.

"म्हंजी येड्यांचा डॉक्टर," तात्या म्हणाले.

"डॉक्टर न्हाय तात्या. शाळेतल्या पोरांना शिकताना काही अडचण असली, भीती असली, तर ती हुडकायची."

"इंजेक्शन देणार?"

"न्हाय."

"गोळ्या?"

"न्हाय."

"मंग करणार काय?"

"बोलायचं. ऐकून घ्यायचं."

तात्यांनी पारावर बसलेल्या चौघांकडं हात केला. "ते तर आमी सकाळपासून करायलाव. आमाला कुणी डिग्री दिली न्हाय."

मग त्यांनी शेवटची संधी म्हणून मला विचारलं की त्यांच्या मनात आत्ता काय आहे ते सांग. मी म्हटलं, तात्या, असं मनातलं ओळखता येत नसतं. ते खरोखर हिरमुसले. "चहा हुता रं," म्हणाले. "एवढं तर हाटेलातलं पोरगं बी वळखतंय."

जिल्ह्याच्या गावाला कॉलेजात आलो तेव्हा माझी दुसरीच अडचण होती. पहिल्याच सेमिनारला उभा राहून मी म्हटलं, "म्या हे पुस्तक दोनदा वाचलंय." वर्ग हसला. वाईट हसला नाही. उन्हात वाळत घातलेल्या शर्टावर पक्ष्यानं घाण केली की माणसं हसतात तेवढंच हसला. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या त्या दोन महिने निवल्या नाहीत. त्या दिवसापासून मी घशात गाळणी बसवून घेतली. म्या, लई, न्हाय, व्हय, सगळं अलीकडं अडवायचं आणि पलीकडं फक्त पुस्तकातलं सोडायचं. सुट्टीत घरी गेलो तर आई तोंडाकडं बघत बसली आणि म्हणाली, "घसा धरलाय का रे? काढा करू का?"

ही गाळणी पुढं कुणाच्या मुळावर येणार होती, याची मला कल्पना नव्हती.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक शाळा मिळते. तिथं जाऊन मुलांच्या चाचण्या घ्यायच्या, वर्गात बसून निरीक्षण करायचं, घरच्यांशी बोलायचं, अहवाल लिहायचा. माझ्या वाट्याला लोहारा तालुक्यातल्या एका गावची जिल्हा परिषदेची शाळा आली. लोहाऱ्यापर्यंत एसटी आणि पुढं सीटं भरली की निघणारी वडाप जीप. मांडीवर चाचणीची पेटी. ही पेटी म्हणजे आमच्या विभागाचा देव. तिच्यात चित्रांचे पत्ते, लाकडी ठोकळे, स्टॉपवॉच आणि सूचनांचं पुस्तक. पत्ता हरवला तर वर्ष गेलंच समजा, असं क्लार्कनं बजावलं होतं. म्हणून जीपमध्ये मी ती पेटी अशी कवटाळून बसायचो की एकदा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुनाच्या अस्थी हैत बाबा?"

शाळेचे मुख्याध्यापक भला माणूस. दोन शिक्षक आणि चार वर्ग, त्यामुळं गुरुजी एका वर्गात पाढे सांगत असताना दुसऱ्या वर्गाला खिडकीतून दम देत असत. मी पोचताच त्यांनी झाडाचा पहिला आंबा राखून ठेवावा तसं सांगितलं, "तुमच्यासाठी एक केस काढून ठिवलीय."

ती तिसरीतली मुलगी. वाचता येत नाही, वर्गात बोलत नाही, काही विचारलं की पायाच्या अंगठ्याकडं बघते. गुरुजींनी तिच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातली एक निवासी विशेष शाळा बघून ठेवली होती. मतिमंद मुलींची. "तिथं गाद्या हैत, दोन टायमाला दूध हाय, शिकवायला चार-चार बाया हैत. हितं माझ्याच्यानं काय हुतंय सर? तिचं नुकसान हुयालंय." त्यांच्या मनात खोट नव्हती. फक्त त्या शाळेतून मुली घरी यायच्या दिवाळीला आणि उन्हाळ्यात. मधल्या काळात आई-बाप म्हणजे फोनवरचा आवाज.

गुरुजींकडं एक फॉर्म होता. त्यात एक रकाना: बौद्धिक क्षमता कमी आहे, होय किंवा नाही. त्या रकान्यासाठी त्यांना कुणाचा तरी अहवाल हवा होता. तो माझा असणार होता, मॅडमच्या सहीसह.

संमतीपत्रावर सही करायला तिचे वडील आले. ते वडाप जीप चालवतात. ज्या जीपमधून मी आलो, तीच. त्यांनी कागदाची दोन्ही अंगं पाहिली, सही केली, एक प्रत घडी करून खिशात ठेवली. त्या प्रतीवर खाली माझा फोन नंबर होता.

"सर, तुमी लिव्हलं की ती जाणार, न्हाय लिव्हलं की ऱ्हाणार. असंच हाय न्हवं?"

"तसं अगदी नाही. चाचणीत काय येतं त्यावर आहे."

"मंग चाचणीला सांगा जरा," ते म्हणाले आणि हॉर्न वाजवून पॅसेंजर गोळा करायला गेले.

शाळेचं ऑफिस म्हणजे पोषण आहाराच्या तांदळाची पोती आणि त्यांच्यामध्ये उरलेली जागा. तिथं सतरंजी टाकून आम्ही समोरासमोर बसलो. मुलीच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, फ्रॉकच्या खिशात चिंचोके. मी सूचनांचं पुस्तक आदल्या रात्री पाठ केलं होतं. त्याप्रमाणे हसलो. पुस्तकात लिहिलं आहे, मुलाशी सहज गप्पा मारून मैत्री करा. मी म्हणालो, "तुला कोणता खेळ खेळायला आवडतो?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं जसं आमच्या गावात मतदार यादीवाल्यांकडं बघतात.

मग चित्रं. प्रत्येक चित्रातलं काहीतरी मुद्दाम काढलेलं असतं, ते ओळखायचं. पहिलं चित्र गाईचं. एक शिंग नाही. मी स्टॉपवॉच दाबलं.

"दावं न्हाय," ती हळूच म्हणाली.

उत्तरसूचीत फक्त शिंग बरोबर होतं. पुस्तकात मुभा होती की अशा वेळी एकदा पुन्हा विचारावं. मी विचारलं, "हो, पण या चित्रात महत्त्वाचं काय राहिलं आहे?"

"दावंच."

शून्य. पुढं दार, त्याला कडी नाही. ती म्हणाली, "म्होरं चपला न्हायत." शून्य. कप, त्याला कान नाही. "बशी." शून्य. सायकल, तिला पायडल नाही. "मागं कोण बसलं न्हाय." शून्य. मी मन लावून, गोल गोल, सुबक शून्यं काढत गेलो. माझं अक्षर चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

सहाव्या चित्रापासून ती गप्प झाली. मी पत्ते उलटत राहिलो, स्टॉपवॉच टिकटिकत राहिलं, ती अंगठ्याकडं बघत राहिली. ठोकळ्यांना तिनं हात लावला नाही. शब्दांच्या भागात एकदा मान हलवली, पण मान हलवल्याला गुण नसतात. सगळी बेरीज केली तर आकडा इतका खाली आला की गुरुजींचा रकाना आपोआप भरला जाईल.

परतीच्या एसटीत मला एकाच वेळी वाईट वाटत होतं आणि अभिमानही वाटत होता. वाईट मुलीबद्दल. अभिमान याचा की सगळं पुस्तकाप्रमाणे झालं, एकही पत्ता हरवला नाही.

आमच्या मॅडम एरवी आम्हाला अरे-तुरे करतात. "तुम्ही" म्हणाल्या की समजायचं, काहीतरी चुकलं आहे. त्यांनी माझी उत्तरपत्रिका वाचायला घेतली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा."

मी बसलो.

"'गाईच्या गळ्यामध्ये दोर दिसत नाही.' हे आठ वर्षांची मुलगी म्हणाली?"

"हो मॅडम."

"लोहाऱ्याजवळच्या खेड्यातली?"

"अर्थ तोच होता, मॅडम."

"'दाराच्या समोर पादत्राणे नाहीत.'" त्यांनी कागद खाली ठेवला. "पादत्राणे! हिला आपण एम.ए.ला प्रवेश देऊ या."

बाजूला बसलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीनं खोकल्याचं निमित्त केलं.

"ती काय म्हणाली होती?" मॅडमनी विचारलं.

गाळणी काढून ते शब्द त्या खोलीत बोलायचे म्हणजे मला पुन्हा त्या सेमिनारमध्ये उभं राहिल्यासारखं झालं. शेवटी पुटपुटलो, "दावं न्हाय म्हणाली."

"मोठ्यानं."

"दावं न्हाय."

"हे का नाही लिहिलंस?" त्या 'तू'वर आल्या होत्या, तेवढा धीर आला. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मॅडम, मला वाटलं तिचं बोलणं असं लिहिलं तर वाचणारे तिला अडाणी समजतील. मी जरा नीट करून दिलं.

मॅडमनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग म्हणाल्या, "तिचं नीट केलंस की स्वतःचं?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पुढं, "मुलाचे शब्द जसेच्या तसे आणणं हे तुझं निम्मं काम आहे. तू त्यांना इस्त्री करून आणलंस."

नंतर त्यांनी सहाव्या चित्राच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथून खाली मी सगळीकडं लिहिलं होतं, उत्तर दिले नाही, उत्तर दिले नाही.

"पाच चित्रांपर्यंत बोलणारी मुलगी इथं गप्प का झाली?"

"थकली असेल, मॅडम."

"असेल. विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. पुस्तकात ते विचारायला सांगितलेलं नाही, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. सुदैवानं गाळणीत अडकलं.

"परत जा," त्या म्हणाल्या. "आणि पेटी नेऊ नकोस."

पेटीशिवाय जायचं म्हणजे चप्पल विसरून लग्नाला गेल्यासारखं. जीपमध्ये हातांचं काय करावं कळेना. पुढच्या सीटवर आम्ही चौघे, गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय. मुलीचे वडील गाडी चालवता चालवता एका डोळ्यानं मला बघत होते. रस्त्याच्या कडेला ज्वारी कापून पेंढ्या उभ्या केल्या होत्या. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आज पेटी न्हाय?"

"नाही."

"म्हंजी झालं का लिवून?"

"नाही अजून. पुन्हा बोलायचंय तिच्याशी."

त्यांनी खड्डा चुकवला. "तिच्या आयनं त्या दिवसापास्नं तिचे कपडे येगळे घड्या करून ठिवलेत. जायाचं तर फाटकं नको म्हणून. म्या म्हनलं ठिवू नगस, तर आयकत न्हाय." एवढंच बोलले. मग मागच्या कुणाला तरी ओरडले, "वो मामा, पाय आत घ्या, पाय! गाडी एकच हाय माझी."

मधल्या सुट्टीत मी शाळेपुढच्या लिंबाखाली बसलो. ठरवलं होतं की काही विचारायचं नाही. हे ठरवणं सोपं असतं. आमच्या शिक्षणानं आम्हाला विचारायची अशी सवय लावली आहे की मी घरी म्हशीलासुद्धा विचारतो, आज कसं वाटतंय. पोरं आली, मला बघून गेली. एकानं दुसऱ्याला सांगितलं, "डोकं मोजणारा सर." शेवटी ती आली. हातात पाटी. चार हात लांब उभी राहिली.

"आज पेटी न्हाय?"

बाप-लेकीचा एकच प्रश्न.

"न्हाय," मी म्हटलं. म्हटलं आणि दचकलो. गाळणीतून निसटलं होतं.

"मंग कशाला आलाव?"

"असंच."

तिनं ते काही क्षण तपासून पाहिलं. मग खाली बसली, पाटी मांडीवर घेतली आणि माझ्याकडं पाठ करून पेन्सिलीनं काहीतरी काढू लागली. काढून झाल्यावर पाटी माझ्यासमोर धरली. जीप होती. टपावर गाठोडी, पुढं दोन दिवे.

"काय न्हाय?" तिनं विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी नीट बघितलं. "आरसा न्हाय."

"न्हाय."

"नंबर प्लेट."

"न्हाय!" तिच्या आवाजात माझ्याबद्दलची काळजी होती. "डायवर न्हाय. आपोआप चालती का गाडी?" आणि पाटीच्या कोपऱ्यात तिनं एक गोल काढला. सुबक, गोल गोल.

पुढचं चित्र चुलीचं. वर तवा, तव्यावर भाकरी. मी म्हणालो, जाळ. चूक. म्हणालो, धूर. चूक. "काटवट कुठाय? भाकरी काय हवेत थापली?" दुसरा गोल.

आता मला घाम फुटला होता, हे लिहायला लाज वाटते. माझ्याभोवती पाच-सहा पोरं जमली होती आणि माझ्या निकालात रस घेत होती. तिसऱ्यांदा तिनं पाटी फिरवली. गाय. एक शिंग, चार पाय, शेपटी. मला एकदम हायसं वाटलं. याचं उत्तर मला येत होतं.

"दावं न्हाय!" मी जवळजवळ ओरडलो.

ती माझ्याकडं बघत राहिली. "एक शिंग न्हाय. बगा की नीट."

पोरं हसली. त्या सेमिनारमधल्या वर्गासारखीच हसली, पण या वेळी माझ्या पाळ्या तापल्या नाहीत. मी वेगळ्याच गोष्टीनं सुन्न झालो होतो.

"मग त्या दिवशी तू दावं का म्हणालीस? तुला शिंग दिसलं नव्हतं?"

"दिसलं की. न्हवतं एक." ती समजावून सांगू लागली, गुरुजी खिडकीतून सांगतात त्यापेक्षा पुष्कळ सावकाश. "शिंग तर मोडतंच. आमच्या गायीचं बी मोडलंय, तरी ती दूध देती. पर दावं नसलं तर ती जाईल ना निघून. तुमी म्हनलाव, म्हत्त्वाचं काय ऱ्हायलंय."

मी तसंच म्हटलं होतं. पुस्तकात तसंच आहे.

तिसरा गोल काढायला ती विसरली नाही. मग तिन्ही गोलांवर बोट फिरवत म्हणाली, "तुमी बी असंच काढत हुता."

"तुला दिसत होतं?"

"व्हय की. तुमच्या मांडीवर तर हुतं. उलटं दिसायचं. पर शून्य उलटं बी शून्यच."

हे इथं सांगितलं पाहिजे. सूचनांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात आहे: गुण मुलाला दिसणार नाहीत अशा रीतीनं नोंदवावेत. सोबत आकृतीही आहे, क्लिपबोर्ड कसा उभा धरायचा त्याची. ती आकृती टेबल-खुर्चीची आहे. मी सतरंजीवर मांडी घालून बसलो होतो, गुडघ्यावर क्लिपबोर्ड आडवा, आणि माझं अक्षर चांगलं असल्यामुळं शून्यं लांबूनही स्पष्ट दिसत होती.

"मग तू गप्प बसलीस."

"मंग काय. बोललं की शून्य, गप बसलं की बी शून्य. मंग कशाला बोलू?"

घंटा झाली. ती पाटी पुसत पुसत गेली. पुसण्याआधी माझी तीन शून्यं सगळ्या पोरांना एकदा दाखवून गेली.

त्यानंतर मी आणखी तीनदा गेलो. पेटी नाही नेली. वर्गात मागं बसलो, घरी गेलो, तिच्या आईशी बोललो. तिला वाचता येत नव्हतं हे खरंच होतं. जोडाक्षर आलं की ती थांबायची आणि पुढचं सगळं सांडायचं. तिला मदत हवी होती, आणि बरीच हवी होती. पण जिनं माझीच चाचणी समजून घेऊन, तिची पाटीवर नवी आवृत्ती काढून, मला नापास केलं, तिला चाचणी कळली नाही असं मी कुठल्या तोंडानं लिहिणार होतो?

मग अहवाल लिहिला. तिचे शब्द जसेच्या तसे. "दावं न्हाय. चपला न्हायत. मागं कोण बसलं न्हाय." आणि खाली एक परिच्छेद, जो लिहायला मला पूर्ण आठवडा लागला: गुण नोंदवताना ते मुलीला दिसत होते, ही चाचणी घेणाऱ्याची चूक आहे, त्यामुळं हा आकडा ग्राह्य धरू नये, काही महिन्यांनी अनुभवी व्यक्तीनं वेगळ्या साधनांनी पुन्हा पाहावं, तोवर मुलीला याच शाळेत ठेवून वाचनासाठी रोज स्वतंत्र वेळ द्यावा.

मॅडमनी तो परिच्छेद दोनदा वाचला. "हे बाहेरून आलेले परीक्षकही वाचतील. तुझे गुण जातील."

"हो मॅडम."

"काढायचंय?"

मी मान हलवली. मान हलवल्याला गुण नसतात, हे आठवून मग तोंडानं म्हणालो, "न्हाय."

त्यांनी सही केली. समासात लाल पेनानं एक बरोबरची खूण केली, ती नेमकी 'दावं न्हाय'च्या पुढं.

अहवाल घेऊन गुरुजींकडं गेलो. त्यांनी सहाच्या सहा पानं वाचली. चष्मा काढला. "सर, लई चांगलं लिव्हलंय. पर लई लांब झालंय." त्यांनी फॉर्म पुढं केला. "मला एवढाच रकाना भरायचाय. होय का न्हाय?"

"गुरुजी, आत्ताच ते सांगता येत नाही, एवढंच मला म्हणायचंय."

"सांगता येत न्हाय असा रकानाच न्हाय की ह्याच्यात," ते खरोखर अडचणीत येऊन म्हणाले. फॉर्म उलटा करूनही पाहिला. "बरं. ठिवा हितं. बघतो तालुक्याच्या साहेबांना इचारून."

तिथं माझं काम संपलं. पुढचं ठरवणं त्यांच्या हातात होतं आणि तसंच ते असायला हवं, असं आम्हाला शिकवलं आहे. परीक्षा झाली, सुट्टी लागली, मी गावी आलो. फोन करून विचारावं असं रोज वाटायचं. पण काय विचारणार होतो? ज्यानं घोटाळा केला त्यानंच चौकशी करायची, हे मला धीट वाटेना. कळंबच्या बाजूला कुठंही जीप दिसली की टपाकडं बघायचो. आई एकदा म्हणाली, "कुणाची वाट बघायलास रं?" तिच्या मनातलं मला ओळखता येत नाही, पण माझ्या मनातलं तिला येतं, आणि तिनं एम.ए. केलेलं नाही.

शाळा उघडल्या. एक आठवडा गेला, दोन गेले. तात्यांबरोबर येरमाळ्याला गेलो होतो, त्यांच्या मोटारसायकलचं पंक्चर काढायला. हायवेच्या कडेला दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसलो होतो, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडं आधी नुसताच हॉर्न आणि इंजिनाचा आवाज.

"सर, म्या जीपवाला बोलायलोय. वळखलं का?"

ओळखलं, असं मी म्हटलं असावं.

"तुमचा नंबर त्या कागदावर हुता बगा. कागद क्यालेंडरमागं ठिवला हुता, तो हिनं आज काढून दिला. न्हाय गेली सर. हितंच हाय. चौथीत बसली. साहेब आल्ते, त्यांनी बी तिच्याशी बोलून बघितलं, पेटीबिटी काय न्हवती. गुरुजी रोज दुपारी अर्धा तास येगळं वाचून घ्यायलेत तिच्याकडनं. तिच्या आयनं कपडे फळीवर परत टाकले सर."

मी काहीतरी बोललो. काय ते आठवत नाही, पण घशात गाळणी नव्हती एवढं नक्की, कारण तात्यांनी पाण्यातली ट्यूब सोडून माझ्याकडं वळून पाहिलं.

"आनि सर," ते म्हणाले, मग फोनच्या पलीकडं थोडी झटापट, थोडं हसणं, आणि कुणीतरी कुणाला तरी 'तूच इचार की' म्हटलेलं ऐकू आलं. मग पुन्हा त्यांचाच आवाज. "ती इचारायलीय, तुमी पास झालाव का?"